चोवीस पानांची एकसष्ट झाडे

१६ ऑगस्ट १९५३, रविवार. दुपारी ३.

आजपासून रोजनिशी. याआधी दोनदा पहिल्या जानेवारीला सुरू केली होती. दोन्ही वेळा संक्रांतीच्या आत बंद पडली. दोष जानेवारीचा होता. ऑगस्टमध्ये तसा धोका नाही.

कारणही मोठे आहे. दवबिंदू. माझा दोस्त बकाराम याच्या बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, धुऱ्यावर (बांधावर) पावसाळ्यात उगवणारे सुपारीएवढे लाल झाड. जमिनीला चिकटून असते. पानांवर बारीक केस, केसांच्या टोकाला चिकट थेंब. किडा बसला की अडकतो आणि पान त्याला सावकाश खाऊन टाकते. बकाराम त्याला नुसते 'चिकट्या' म्हणतो आणि त्यावर पाय देऊन पुढे जातो. एवढी वनस्पती पायाखाली असून या भागात कोणाला तिची किंमत नाही.

माझी स्कीम: रेल्वेच्या प्रत्येक क्वार्टरच्या खिडकीत दवबिंदूची एक बशी. मग प्रत्येक स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये. मग गोंदियापासून पुढे सगळी लाइन. डास खलास, मलेरिया खलास. नाव 'केशोराव पद्धत'. नावासाठी मी हे करत नाही, पण काहीतरी नाव द्यावेच लागेल.

अडचण एकच. उपटून आणलेले झाड जगत नाही. गेल्या वर्षी बारा आणली, बाराही तिसऱ्या दिवशी मेली. पण आता मार्ग सापडला आहे. पार्सल ऑफिसात कपबशांची एक पेटी फुटून आली, तिच्यात पॅकिंग म्हणून इंग्रजी बागकामाच्या मासिकाचे एक पान होते. त्यात लिहिले आहे की दवबिंदूचे नुसते पान कापून ओल्या मॉसवर उताणे ठेवावे, पानातून नवी झाडे फुटतात. एका पानाची अनेक झाडे.

शामकलाला वाचून दाखवले. बायको म्हणून नव्हे, जनता म्हणून. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "डासच मारायचे असन तर मागच्या टाकीतलं पाणी फेका ना जी आधी." जनतेला अजून बरेच शिकवावे लागेल.

१७ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ९. पॅसेंजर चाळीस मिनिटे लेट.

मॉस इथे मिळत नाही. मॉसपेक्षा धुऱ्याची माती चांगली, कारण झाड मुळात तिथलेच आहे. हे त्या इंग्रज लेखकाला सुचले नाही.

बकाराम सकाळीच दोन टोपल्या माती घेऊन आला. आउटर सिग्नलपलीकडून, स्वतःच्या डोक्यावर. धानाची रोवणी संपून चारच दिवस झाले, कंबर धरली आहे म्हणत होता, तरी आणली. टोपल्या उतरवून म्हणाला, "केशो, धुऱ्याची माती हाये. तिच्यात कायकाय पडून रायते. पाणी भेटलं का आपल्याआप उगवते गा."

मी म्हटले, शेतीतले तुझे, सायन्समधले माझे. तो हसला आणि तंबाखू मळू लागला. माणूस मनाचा मोठा आहे, डोक्याचे काम तेवढे त्याला झेपत नाही. आमगावच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. मी मॅट्रिक होऊन रेल्वेत लागलो, तो बापाच्या बांधीत उतरला. तेव्हापासून दर कार्तिकात नव्या धानाचा पहिला तांदूळ तो आमच्या घरी आणतो आणि मी पहिला घास खाल्ला की मगच त्यांच्या घरी नवे शिजते. मी बदलीवर डोंगरगडला होतो तेव्हाही गार्डच्या हाती पुडके यायचे. वीस वर्षांत एकदाही खाडा नाही. असिस्टंट स्टेशन मास्तरला असा दोस्त असणे मी कमीपणाचे मानत नाही.

लेखाच्या त्या पानातले शेवटचे वाक्य अर्धवट आहे. "सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, माती वापरण्यापूर्वी ती नीट..." पुढचे पान पेटीत नव्हते. विचार करून ठरवले: 'नीट चाळावी'. दुसरे काय असणार? शामकलाच्या पिठाच्या चाळणीने चाळली. चाळणीबद्दल घरात अजून बोलणे चालू आहे.

सात बशा भरल्या. तरी माती उरली. थोडी शामकलाने तुळशीला मागून घेतली. बाकीची शेजारच्या क्वार्टरच्या भिंतीशी लोटून दिली. तिथे मालबाबू चुन्नीलाल राहतो. त्याच्या लक्षात यायचे नाही.

२० ऑगस्ट, गुरुवार.

ऐतिहासिक दिवस. धुऱ्यावरून चोवीस पाने कात्रीने कापून आणली. बकारामने छत्री धरली होती, माझ्यावर नव्हे, पानांवर. सहा बशांत प्रत्येकी चार पाने, उताणी. सातव्या बशीला पाने उरली नाहीत. सेट पुरा दिसावा म्हणून तीही नुसत्या मातीची रांगेत ठेवली.

वर कंदिलाच्या जुन्या काचा झाकल्या. वेटिंग रूमच्या अडगळीतल्या आहेत, तडकलेल्या. रेल्वेचे नुकसान नाही.

बकारामला शपथ घातली की ही पद्धत कोणाला सांगायची नाही. म्हणाला, "कोणाले सांगू? आमच्याकडे कोण इचारते?" तरीपण शपथ घातली ते बरे केले.

२४ ऑगस्ट, सोमवार.

पानांच्या कडा काळ्या पडत आहेत. मुळे फुटण्याची पहिली स्टेज असावी.

२९ ऑगस्ट, शनिवार.

चोवीसच्या चोवीस पाने काळी ठिक्कर. दुसरी स्टेज. शामकला म्हणते सडली. बशांतल्या पाण्यात डासांची पिल्ले वळवळत आहेत. ही मी मुद्दाम ठेवली आहेत. झाडे आल्यावर त्यांना खायला नको?

४ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी ६.

आले!

बशी नंबर दोनमध्ये मोहरीच्या दाण्याएवढे लाल ठिपके. पाच. भिंगातून पाहिले. प्रत्येकाला केस आहेत आणि केसांवर थेंब आहेत. पाहण्याच्या नादात गाडीला लाइन क्लिअर द्यायला दोन मिनिटे उशीर झाला. गार्ड खेकसला, त्याला माफ केले.

संध्याकाळच्या पॅसेंजरच्या वेळी बकाराम रोजच्यासारखा प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर आला तेव्हा त्याला आत नेऊन दाखवले. तो बराच वेळ उकिडवा बसून पाहत राहिला. म्हणाला, "होय गा, चिकट्याच हाये." या माणसाला आनंद व्यक्त करता येत नाही.

९ सप्टेंबर, बुधवार.

काल पोळा, आज मारबत. सकाळी पोरेबाया ओरडत मारबतीचा पुतळा, गावाची रोगराई त्याच्यावर घालून, गावाबाहेर घेऊन निघाल्या. "खोकला, ढेकूण, मोंगसे घेऊन जा गे मारबत" वगैरे. मोंगसे म्हणजे डास. आमच्या क्वार्टरसमोर येऊन त्या अंमळ थांबल्या आणि एक बाई स्पष्ट म्हणाली, "मास्तरच्या बशातले मोंगसे घेऊन जा गे मारबत." सगळ्या हसल्या. शामकलाही हसली, ते मी खिडकीतून पाहिले.

संशोधकाच्या वाट्याला हे यायचेच. पण स्वतःच्या बायकोने हसावे?

१२ सप्टेंबर, शनिवार.

मोजणी. पाने चोवीस, झाडे एकसष्ट. मासिकातल्या इंग्रजाला एका पानाची चार मिळाली असतील, पण त्याच्याकडे मॉस होते, शिवाय त्याचे हवामान.

एक बारीक गोष्ट. सातव्या बशीत, जिथे पानच नव्हते, तिथे अकरा झाडे आहेत, आणि ती जरा जास्तच टवटवीत आहेत. यावर विचार केला. शेजारच्या सहा बशांचा परिणाम असावा. याला इंग्रजीत काही शब्द असेलच.

आजचे भक्ष्य: मुंगी १. (मी ठेवलेली.)

१४ सप्टेंबर, सोमवार.

नागपूरच्या कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे प्रोफेसर माझ्या माहितीचे आहेत. म्हणजे दोन वर्षांपूर्वी त्यांची गाडी आमच्या स्टेशनावर तासभर अडकली होती आणि मी त्यांना खुर्ची दिली होती. त्यांना सविस्तर पत्र पाठवले. नऊ पाने, आकृत्यांसह. येऊन पाहावे अशी विनंती केली. सातव्या बशीचा उल्लेख केला नाही. मोठ्या माणसांना बारीकसारीक तपशिलांत गुंतवू नये.

शामकलाने विचारले, प्रोफेसर आले तर जेवतील का. म्हटले, जेवतील, बकारामचा नवा तांदूळ येईपर्यंत येतील बहुतेक. तिलाही ते पटले. जुना तांदूळ दिवाळीपुरताच आहे म्हणाली.

२७ सप्टेंबर, रविवार.

मलेरियावाले पंप घेऊन औषध फवारायला आले. मी बशांच्या खोलीच्या दारात आडवा उभा राहिलो. त्यांना सांगितले की ज्या रोगावर तुम्ही औषध मारता त्याचा बंदोबस्त या खोलीत चालू आहे. त्यांनी आत डोकावून पाहिले, बशांतले पाणी पाहिले आणि एकमेकांकडे पाहिले. बाकी घर फवारून गेले.

आता घरात बशांची खोली सोडली तर कुठेही डास नाही. शामकला म्हणते सगळे तिथे जमले आहेत. म्हणजे भक्ष्याची सोय झाली.

१४ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी ७-१५.

लगेच लिहून ठेवतो. नंतर पुरावा लागेल.

चुन्नीलालच्या व्हरांड्यात झेंडूचे चार डालडा डबे आहेत. आज मालाच्या पावत्यांसाठी त्याच्या दारात गेलो. झेंडूच्या बुडाशी दवबिंदू. चारही डब्यांत. मोजले, सव्वीस. आणि तो माणूस विडी ओढत माझ्याशी वॅगनबद्दल बोलत होता, जणू काही झालेच नाही.

त्याला काही विचारले नाही. विचारले असते तर मला कळले हे त्याला कळले असते.

दुपारी २.

शांतपणे विचार केला. माझ्या खोलीची किल्ली माझ्या जानव्याला. पद्धत शामकला सोडून तीनच माणसांना माहीत: मी, प्रोफेसर, बकाराम. मी फुटलो नाही. प्रोफेसर नागपुरात. शिवाय मागच्या आठवड्यात बकाराम आणि चुन्नीलाल यांना प्लॅटफॉर्मवर बोलताना मी स्वतः पाहिले आहे. मी जवळ जाताच बकाराम म्हणाला, "धानावर कीड पडून रायली, तेच सांगत होतो." तेव्हाच मला खटकायला हवे होते. धानाच्या किडीचे मालबाबूला काय?

लेखात म्हटले आहे, एका पानाची अनेक झाडे. म्हणजे सात-आठ पाने पुरली असतील. धुरा त्याचा, कात्री कोणाचीही.

वीस वर्षे.

१५ ऑक्टोबर, गुरुवार.

निश्चय: बकारामशी एक शब्द बोलायचा नाही. 

संध्याकाळी तो बाकावर आला. तंबाखू पुढे केली. मी घेतली, पण बोललो नाही. तंबाखू घेणे हे बोलणे नव्हे.

१७ ऑक्टोबर, शनिवार. दसरा.

घडले ते तसेच्या तसे लिहितो.

संध्याकाळी बकाराम सोने द्यायला आला. धुतलेले धोतर, डोक्याला फेटा, हातात आपट्याची पाने. दरवर्षी पहिले सोने तो मला देतो, मग गावात फिरतो. मी हात पुढे केला नाही. विचारले, चुन्नीलालला किती पाने दिलीस?

तो म्हणाला, "अजून कोणालेच नाही देल्ली. पयले तुह्याकडेच आलो."

म्हटले, आपट्याची नव्हे, माझी. मग सगळे सांगितले. डबे, सव्वीस झाडे, प्लॅटफॉर्मवरच्या गप्पा, घातलेली शपथ. वीस वर्षांची दोस्ती मातीत घातलीस म्हणालो. शामकला आतून बाहेर आली आणि दारातच उभी राहिली.

बकारामने फेटा सारखा केला. मग म्हणाला, "केशो, तू मले चोर म्हणून रायला का?"

मी म्हटले, मी नाही म्हणत, झाडे म्हणतात. उत्तर चांगले जमले.

तो म्हणाला, "बरं." एवढेच. हातातली पाने त्याने खिडकीत माझ्या बशांच्या कडेला ठेवली, शामकलाला "येतो वहिनी" म्हणाला आणि गेला. गावात न जाता सरळ आउटर सिग्नलकडे गेला. गुन्हेगार असाच जातो.

शामकलाने ती पाने उचलून देवापाशी ठेवली. माझ्याशी बोलली नाही. तिलाही धक्का बसला असणार.

२५ ऑक्टोबर, रविवार.

बाकावर आता मी एकटा बसतो. फार शांत वाटते. विचार करायला वेळ मिळतो. तंबाखू संपली आहे. चुन्नीलालने विडी दिली ती नाकारली.

बकाराम आठ दिवसांत आला नाही. यावरून काय ते सिद्ध होते. निर्दोष माणूस येऊन भांडला असता.

६ नोव्हेंबर, शुक्रवार. दिवाळी.

बशांतल्या झाडांना दांडे येऊन पांढरी फुले आली आहेत. प्रोफेसर या सुमाराला आले असते तर बरे झाले असते. त्यांचे पत्र नाही. आजचे भक्ष्य: काही नाही.

शामकलाने विचारले की भाऊबीजेला धुरपतावहिनींना बोलवायचे का. दरवर्षी बकारामची बायको मला ओवाळते. म्हटले, ज्या घराने विश्वासघात केला त्या घरची ओवाळणी नको. शामकला म्हणाली, "घराने नाही केला जी. तुमी म्हणता का केला, एवढंच झालं." बायकांना पुराव्याचे महत्त्व कळत नाही.

९ नोव्हेंबर, सोमवार. डाउन मेलने पत्र आले.

प्रोफेसरांचे उत्तर. एक पोस्टकार्ड. माझी नऊ पाने, त्यांचे एक कार्ड. लिहितात:

"आपला उत्साह पाहून आनंद झाला. दोन शंका. माती वापरण्यापूर्वी ती नीट उकळून वा भाजून घेतली होती काय? आणि तुलनेसाठी एका बशीत पाने न ठेवता नुसती माती ठेवली होती काय? ठेवली असल्यास तीत काय आले? आपल्या भागात ही वनस्पती दरवर्षी बियांपासून येते आणि बी धुळीसारखे बारीक असते. उत्तर आल्यावर यायचे ठरवू."

हाही फुटला. खुर्ची दिलेल्या माणसावर 'शंका'! दोस्त गेला, बायको उलट बोलते, आता सायन्सनेही पाठ फिरवली. एवढा दगा एका पावसाळ्यात कोणाला झाला नसेल.

'नीट उकळून.' चाळून नव्हे. ठीक आहे.

सातव्या बशीबद्दल त्यांना काही लिहिले नाही. ती बशी आज पलंगाखाली ठेवली. ऊन फार लागत होते तिला.

१८ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी १२.

उद्या तुळशीचे लग्न. शामकलाने अंगण सारवले, वृंदावनाला गेरू लावला. मग हाक मारली, "अजी, इकडे या. ह्या तुमच्या चिकट्या काढून टाकू का ठेवू? नवरीच्या पायात आल्या."

गेलो. तुळशीच्या बुडाशी, गोल कडेने, दवबिंदू. लाल, रसरशीत, माझ्या बशांतल्यापेक्षा दुपटीने मोठे. एकाच्या पानावर डास चिकटलेला. खरा डास. आपण होऊन आलेला.

पहिल्यांदा मनात जे आले ते बोलून गेलो. म्हणालो, तूसुद्धा? माझी पाने तूही चोरलीस?

शामकलाने हातातला गेरूचा बोळा खाली ठेवला. म्हणाली, "मी कायले चोरू? तुमीच देल्ली ना माती. श्रावणातच आल्या ह्या. मी रोज पाणी घालून रायली. मातीत बी होतं, पाणी भेटलं, उगवलं. त्यात काय मोठं हाये? बकारामभाऊ नव्हते का म्हणाले पयल्याच दिवशी, टोपली उतरवता उतरवता?"

मी विचारले, मग तू मला सांगितले का नाहीस. म्हणाली, "तुमी इचारलं कधी? तुमी तं तिकडे मोजून रायले होते."

मोजली. एकोणचाळीस.

दुपारी ४.

चुन्नीलालकडे गेलो. यावेळी विचारले. तो म्हणाला, "वो माटी? आपही तो दिवार के पास डाल गये थे मास्टरसाब. बढ़िया माटी थी, मैंने डब्बों में भर ली. ये लाल-लाल घास भी उसी में निकल आयी. उखाड़ दूँ क्या?" मग म्हणाला की मला वाटले तुम्ही मुद्दाम माझ्या झेंडूसाठी टाकली, म्हणून दिवाळीला फुलांचा हार पाठवला होता. हार आला होता खरा. मी तो लाच समजून दारावर लावला नव्हता.

बकाराम त्या दिवशी प्लॅटफॉर्मवर काय बोलत होता तेही विचारले. चुन्नीलाल म्हणाला, धानाला कीड लागली होती, तेच. "बहुत परेशान था बेचारा. आपको नहीं बताया?"

सांगितले होते.

पलंगाखालून सातवी बशी काढून पुन्हा रांगेत ठेवली.

१९ नोव्हेंबर, गुरुवार.

तुळशीचे लग्न लागले. चिकट्या काढल्या नाहीत. शेजारणींनी विचारले तर शामकला म्हणाली, नवरीचे दागिने हायेत.

प्रोफेसरांना कार्ड टाकले. "प्रयोग अजून चालू आहे." हे अगदीच खोटे नाही.

निश्चय: उद्याच बकारामकडे जायचे. माफी मागायची गरज पडणार नाही. वीस वर्षांच्या दोस्तीत गैरसमज व्हायचेच. तो माझे तोंड पाहूनच ओळखेल.

२० नोव्हेंबर, शुक्रवार.

ड्यूटी. गेलो नाही.

२१ नोव्हेंबर, शनिवार.

ड्यूटी नव्हती. थोडे डोके दुखत होते. शामकलाने देवापाशी ठेवलेली आपट्याची पाने काढून माझ्या कोटाच्या खिशात घातली. पाने वाळून कडक झाली आहेत.

२२ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ३.

जाऊन आलो.

आउटर सिग्नल ओलांडला. बकारामच्या बांधीतले लवकर येणारे हलके धान कापून झाले आहे. आजूबाजूच्या सगळ्यांचे धुरे कापणीच्या पायांनी तुडवून सपाट झाले आहेत. फक्त त्याच्या बांधीचा एक धुरा, वीसेक हात लांब, तसाच आहे. दोन्ही टोकांना बाभळीची काटेरी फांदी आडवी टाकलेली. आत सगळा लाल. किती असतील? मोजली नाहीत.

घरी गेलो. बकाराम नव्हता. बैलबंडी घेऊन धान गोंदियाला गिरणीत न्यायला गेला होता. धुरपतावहिनी होत्या. त्यांनी बाज टाकली, लोट्यात पाणी दिले. मी धुऱ्याचे विचारले. त्या म्हणाल्या, "कापणीच्या बायांले तिथं पाय नाही ठेवू देल्ला त्यायनं. काटे टाकून ठेवले. बाया हासत होत्या. मी म्हटलं, आता कायले जपता, तुमाले चोर म्हणून गेला तो माणूस. तं म्हणे, राहू दे, केशोचे झाडं हायेत."

मी विचारले, बकाराम कधी येईल. म्हणाल्या, "सांगून नाही गेले."

बारा वाजून गेले होते. चुलीवर भात होता. नव्या तांदळाचा वास मला कुठेही ओळखू येतो. आमच्या भागात जेवायच्या वेळी दारात आलेल्या अनोळखी माणसालाही कोणी 'जेवून जा' म्हटल्याशिवाय उठू देत नाही. मी थोडा वेळ बसलो. मग आणखी थोडा वेळ बसलो. वहिनींनी लोटा उचलून आत नेला.

उठलो. त्यांनी "येजा", म्हणजे पुन्हा या, असे म्हटले, ते सगळ्यांनाच म्हणतात.

आपट्याची पाने वहिनींजवळ ठेवता आली असती. पण सोने हातोहात द्यायचे असते, म्हणून परत आणली. पुढच्या रविवारी पुन्हा जाईन. रविवारी मालगाड्या जास्त असतात, त्यामुळे बहुतेक सोमवारी.

संध्याकाळी ७.

बशांतली झाडे वाळत चालली. बी धरले आहे, धुळीसारखे, प्रोफेसर म्हणाले तसेच.

शामकलाने पान वाढले. पहिला घास घेतला आणि थांबलो. विचारले, हा तांदूळ कुठला?

म्हणाली, दुकानातला.